काकांची गोड विहीर

संडासाच्या टाक्यांमधून विहिरीत नायट्रेट किती झिरपतं, याचा अंदाज काढायला मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात फिरतो. तिथल्या एका काकांनी माझं डोकं उठवलंय. टेपचं टोक टाकीवर धरा म्हटलं, तर विहिरीपासूनचं अंतर जास्त भरावं म्हणून हळूच मागे सरकतात. तान्ह्या बाळाच्या दुधात हे पाणी नको, उकळूनही नको, असं सांगितलं की तांब्याच तोंडाला लावतात. "नाय ओ साहेब, गोड हाय पानी!"

परवा रोह्याच्या पुलावर दिसले. सायकलला पाण्याचे कॅन. बाळंतपणाला आलेली लेक नातवाला घेऊन दवाखान्यातून घरी आली होती.

"आता पटलं ना?"

"विहीर गोडच हाय," ते खेकसले. मग आवाज खाली आला. "लेकीला मोटर बिघडलीय म्हनून सांगितलंय. तुमी काय बोलू नका."