डाव्या हातच्या बांगड्या

माझी बायको गेल्या पावसाळ्यात गेली. लिहायचा मला सराव नाही, चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण तिच्या भावाच्या शिक्षणाची गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहितो.

मेव्हणा मुंबईला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेला तेव्हा आमच्या कोळीवाड्यात सगळ्यांना वाटलं, आता हा होड्यांची इंजिनं दुरुस्त करणार. तेव्हा नुकती दोघातिघांनी होड्यांना इंजिनं बसवली होती. हा भलतीकडेच वळला. वर्गात विजेचं शिकायचा आणि शेवटच्या वर्षाला मास्तरांनी त्याला एका इस्पितळात धाडलं. तिथं हृदयाचे ठोके कागदावर काढणारं यंत्र होतं. ते उघडायचं, समजून घ्यायचं, तसंच आपल्या हातानं जुळवून बघायचं, हा त्याचा अभ्यास. त्या शिक्षणाला नाव काय, ते त्यालाही धड सांगता यायचं नाही. सासरे म्हणायचे, "माणसांचा मिस्त्री हाय." सगळे हसायचे.

मला हसू आलं नाही. अलिबागेला नवीन खांब रोवले होते, त्यातली एक तार पडून माझ्या डोळ्यांदेखत बैल मेला होता. ओरडलासुद्धा नाही. तेव्हापासून वीज म्हटलं की मला त्या बैलाचे पाय दिसायचे.

त्याच साली बायको बोंबील वाळत घालताना पडली. शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, काही नाही, ऊन लागलं. महिन्याभरात परत पडली. अलिबागच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, ठोके चुकतायत. कसे चुकतात ते कागदावर बघितल्याशिवाय औषध देणार नाही, चुकीचं औषध दिलं तर बाई हातची जाईल. ते यंत्र मुंबईला. मेव्हण्याच्या इस्पितळात.

लाँचमध्ये ती माझ्या समोर बसली होती. दर्या शांत होता आणि मी तिच्या गळ्याची शीर बघत होतो. वादळात होडी घेऊन गेलोय, पण एवढा घाबरलो नव्हतो.

इस्पितळातली खोली लहान होती. मोठे डॉक्टर खुर्चीत बसलेले. यंत्र मेव्हण्यानं लावायचं असं ठरलं होतं, पण त्याचा धीर होत नव्हता. सख्खी बहीण होती. वायरी, पत्र्याच्या चकत्या, रबरी पट्टे, सगळं बाहेर आलं. मी विचारलं, हिच्या अंगात किती वीज सोडणार?

"दाजी, आपण सोडत न्हाय. तिच्या अंगात हाय तीच घेतो."

मला धीर यावा म्हणून त्यानं हे सांगितलं, पण झालं उलटंच. म्हटलं, हिच्या अंगात वीज आहे आणि मी इतकी वर्षं हिच्या शेजारी निजतो? डॉक्टर हसले. मी सांगून टाकलं, आधी मला लावा. काही झालं तर तिथंच समजेल.

लावलं. मनगटांना, घोट्यांना गार लोण्यासारखं काहीतरी फासलं आणि चकत्या आवळल्या. काहीच झालं नाही. कागद सरकत बाहेर आला, त्यावर डोंगरच डोंगर. मेव्हणा म्हणाला, तुमचं हृदय शर्यतीच्या होडीसारखं पळतंय. तेवढं एकदाच हसलो आम्ही सगळे.

मग ती आडवी झाली. मेव्हण्यानं उजवा हात घेतला, तो मोकळाच होता. डावा घेतला आणि म्हणाला, बाय, बांगड्या काढ. त्यानं आजवर कॉलेजातल्या पोरांनाच यंत्र लावलं होतं. कोळ्याचा पोरगा, पण बोलताना ध्यानात राहिलं नाही त्याच्या.

आमच्यात लग्न झालं की बाई उजव्या हातच्या बांगड्या दर्याला देते. त्याच्या बदल्यात दर्यानं नवरा परत आणायचा. डाव्या हातच्या उतरतात त्या एकदाच.

तिनं हात छातीशी ओढून घेतला. आवाज चढवला नाही.

"उजव्या दर्याला दिल्या. डाव्या ह्यांच्या हायत. तुझ्या यंत्राला कुठल्या देऊ?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मी म्हणालो, काढ, मी इथं जिवंत उभा आहे ना. तिनं हात पदराखाली घेतला. मला वाटलं, आता कागद निघत नाही, औषध मिळत नाही, आणि पुढच्या खेपेला पडेल ती उठणार नाही. आणि बांगड्या काढल्या तर तिला जन्मभर माझ्या होडीची भीती. मी काय मागावं तेच कळेना.

मेव्हणा चकती हातात धरून उभाच राहिला. मग त्यानं बांगड्या मनगटाकडे सारल्या, चकती वर कोपराखाली बांधली आणि उजव्या हातालाही तेवढ्याच उंचीवर बांधली. डॉक्टर म्हणाले, चालेल. पण ती थरथरत होती, बांगड्या वाजत होत्या आणि कागदावर नुसतं गवत उगवत होतं. मेव्हण्यानं ओला रुमाल बांगड्यांवर गुंडाळला. तरी गवतच. मला म्हणाला, दाजी, तुम्ही लांब व्हा. मी दाराशी गेलो तर ती आणखी थरथरली.

"दाजी, जवळ नको, पण तिला दिसाल असं उभं ऱ्हावा."

मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू रेघ साफ झाली. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं. मध्येच एक ठोका गळालेला होता. पुढे परत एक. मला तो कागद वाचता येत नव्हता, पण ती मोकळी जागा दिसली. अजून दिसते.

औषध मिळालं. ते तिनं जन्मभर घेतलं, आणि मी जन्मभर तिच्या छातीला कान लावून निजलो. भीती काही गेली नाही. माणसाला तिची सवय होते, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात तिला अलिबागेला नेलं, तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच आत शिरलो होतो. बांगड्या काढा म्हणाले तर सांगणार होतो, वर लावा, तिच्या भावानं लावलं होतं. नर्सनं विचारलंच नाही. छातीवर चिकटपट्ट्या लावल्या आणि झालं.

मग मी पायथ्याशी गेलो आणि तिला दिसेन असा उभा राहिलो. तिनं डोळे उघडले नाहीत. बांगड्या हातातच राहिल्या.