दादाची फळी

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. टेप लावून मोजता येते तेवढेच खरे, अशी सवय लागलेली. म्हणून जे घडले ते मोजमापासकट लिहितो.

आमचे घर बालाघाटला, स्टेशनच्या अलीकडे. थोरला भाऊ, दादा, अंदमानात जंगलखात्यात होता. शेवटच्या सुट्टीत तो मद्रासपर्यंत बोटीने आणि पुढे रेल्वेने एक फळी घेऊन आला. लांबी पाच फूट दोन इंच, आकार ढालीसारखा, खालून कोरून पोकळ केलेली.

"जंगलखात्यात राहून फळीच आणशील तू!" मी म्हणालो.

"अबे, वाद्य आहे हे. तिथले आदिवासी पायानं वाजवतात." त्याने निमुळते टोक अंगणात रुतवले आणि टाच मारून दाखवली. "घरात कोणी मेलं की हे बंद. सुतक संपवायच्या दिवशी सगळे रडतात, मग हे वाजते, मग नाचतात."

वहिनी तेव्हा माहेरी, रामपायलीला होत्या. हे ऐकणारा मी एकटाच, आणि पुढे मी ते कुणाला सांगितले नाही. तो परत गेल्यावर तांदळाच्या कोठीला नेमके झाकण हवे होते... ती फळी तिथे ठेवली.

पाच महिन्यांनी तार आली. होडी उलटली होती. दादा सापडला नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायला लावला. बायका वहिनींना म्हणाल्या, रडून घे. त्या म्हणाल्या, "गवतासाठी काहून रडू मी?"

त्या रडल्या नाहीत, आणि जेवणही सुटले. धान तोलायच्या काट्यावर मी त्यांचे वजन करायचो. एकोणपन्नास किलोवरून चौतीसवर आले. डॉक्टर म्हणाले, असेच चालले तर महिनाभर काढणे कठीण. मला काही वाटत नव्हते. मी आकडे लिहून ठेवत होतो.

त्यानंतरचा रविवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. स्वयंपाकघरातून आवाज आला... ठप्. ठप्. ठप्.

"उंदीर असन," बायको म्हणाली.

"उंदीर ठेका धरून चालतो का?"

मी आत गेलो. आवाज फळीतून येत होता. तिच्यावर मणभर धानाचे पोते. मी घड्याळ धरले — मिनिटाला अठ्ठेचाळीस. तळवा टेकवला. लाकूड जराही हलत नव्हते. आवाज चालूच.

भिंत धरत वहिनी आल्या. चार दिवसांत त्या खाटेवरून उठल्या नव्हत्या.

"भाऊजी, पोतं काढा."

"वहिनी, तुम्ही बसा..."

"काढा म्हणते ना!"

मी काढले. त्यांनी फळी ओढत अंगणात नेली, निमुळते टोक मातीत रुतवले, पोकळ बाजू खाली केली आणि टाच मारली. आतला ठोका आणि त्यांचा ठोका चार-पाच वेळा बरोबर पडला. मग आतला थांबला. त्या मारत राहिल्या, आणि मारता मारता मोठ्याने रडायला लागल्या.

अर्ध्या तासाने बायकोने भीतभीत विचारले, "बाई, जेवता का?"

"हौ. भात टाक."

फळीचे कोणते टोक रुतवायचे, कोणती बाजू खाली, हे कसे कळले, असे मी त्यांना विचारले. म्हणाल्या, "मले काय माहीत? पाय उचलला, बस्."

उन्हाने लाकूड तडकत असेल, असे मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. पण तडकणारे लाकूड ठेका धरत नाही. याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

वहिनी आता रामपायलीला शाळेत शिकवतात. वजन सत्तेचाळीस किलो. दादासाठी मी मात्र त्या दिवशीही रडलो नाही, नंतरही नाही. रविवारी दुपारी कधी कधी मी फळीजवळ जाऊन बसतो. ती वाजत नाही.