बायका परत बसवल्या नाहीत

दस्तगीर मिस्त्री वारले, असं दूध घालणाऱ्यानं सांगितलं. आमचे यजमान भाकरी खात होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला आणि म्हणाले, "माझं चुकलं." काय चुकलं म्हणून विचारलं, तर हात धुऊन बाहेर जाऊन बसले. त्याला आता महिना होत आला. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, लेख कधी लिहिला नाही. पण हा गोंधळ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

मिस्त्री मूळचे मुरगूडचे, गॅरेज शाहूपुरीत. देवमाणूस वगैरे नव्हते. तोंड खराब, आणि सांगितलेल्या दिवशी गाडी कधी दिली नाही. हात मात्र चांगला. यजमान तेव्हा एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे, जैन शेठांकडे, ड्रायव्हर होते. शेठांची गाडी परदेशी, जुनी घेतलेली. मागं माणसं बसली की ती मागून खाली बसायची आणि मैलभर चालली की आपली आपण उठून सरळ व्हायची. मागचे शॉकअपच तसे होते, चालता चालता स्वतःत दाब भरून घेणारे. पुढं ते झिजले, तेल गळायला लागलं आणि गाडी उठेना. शेठ मलकापूरला सोयरीक बघायला गेले, तर गाडी शेपूट घासत गेली आणि घासतच आली.

खोट नक्की कुठं आहे ते बघायला मिस्त्री गाडी घेऊन आमच्या गल्लीत आले. "वैनी, तुम्ही आणि आणखी तिघी मागं बसा. वजनदार बघून आणा."

"म्हणजे मी गुळाची ढेप व्हय?"

"ढेप परवडली. ती बोलत न्हाय."

आम्ही चौघी दाटीवाटीनं बसलो. मिस्त्रींनी चाकावरची जागा वितीनं मोजली, आम्हाला रंकाळ्यापर्यंत फिरवून आणलं, परत मोजली. बोटभरसुद्धा फरक नव्हता. "मेलंय हे," म्हणाले.

तसले नवे शॉकअप मुंबईतही मिळेनात. शेठांच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मग मिस्त्रींनी साधे शॉकअप बसवले. रिकामी गाडी सरळ दिसत होती. "उद्या परत बायका बसवून बघतो," असं ते म्हणाल्याचं मला आठवतं. आम्ही चौघी वेण्या घालून तयार बसलो. कोणी बोलवायला आलंच नाही.

पाठवणीला नवरी, तिची आजी आणि करवली मागं बसल्या, डिकीत ट्रंका चढवल्या आणि गाडी बसली ती बसलीच. मागचं थोडं वजन जुने शॉकअपच पेलत होते; साध्यांना ते जमत नाही, आणि गाडीच्या स्प्रिंगा मुळातच नरम. हे मिस्त्रींना नंतर उमगलं. नवरीला सगळ्यांदेखत उतरवून पाहुण्यांच्या जीपमध्ये बसवावं लागलं. शेठ ओरडले, "आधी कुणी बघितलं न्हाय काय रं?" यजमान मान खाली घालून उभे. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. घरात तीन पोरं. तेवढ्यात मिस्त्री जेवणाच्या पंगतीतून उठून आले. "चूक माझी हाय, शेठ. ड्रायव्हरचा काय संबंध न्हाय."

यजमानांची नोकरी राहिली. शेठांनी मिस्त्रींकडं गाडी धाडायचं बंद केलं, मग बाजारातल्या इतरांनीही. मिस्त्री पुढं टेंपो आणि ट्रॅक्टरच दुरुस्त करत राहिले. आणि मी गल्लीत सांगत राहिले, मिस्त्रीनं घाई केली म्हणून.

रोज विचारून विचारून गेल्या आठवड्यात यजमान बोलले. "मिस्त्री म्हणत हुते, बायका बसवून बघू. मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे."

"का?"

"तूच निरोप धाडलेलास की. जेवण निवतंय, लवकर या."

धाडला असेल. रोजच धाडत होते. पण त्या दिवशी मी वेणी घालून बसलेली, मग घाई कशाला करीन? की आम्ही वेण्या घालून बसलो तो दुसराच दिवस होता... आम्हा चौघींतल्याच शेजारच्या सखूला विचारलं. ती म्हणाली, "मला तर दोनदा गाडीत बसल्याचं आठवतंय की गं." आता काय म्हणावं!

परवा मिस्त्रींच्या घरी जाऊन आले. त्यांच्या बायकोनं चहा दिला. आमच्याविषयी ते कधी काही बोलले का, असं मी विचारलं. "गाड्यांचा विषय घरात काढत नव्हते," एवढंच ती म्हणाली. माफी मागायला म्हणून गेले होते, पण कशाची मागायची तेच कळेना. चहा पिऊन उठले. येताना गॅरेजवरून आले. कुलूप होतं. फळीच्या फटीतून बघितलं, तर भिंतीशी शेठांच्या गाडीचे ते जुने दोन शॉकअप उभे करून ठेवलेले. इतकी वर्षं कशाला ठेवले असतील, मला काही उलगडा होत नाही.

चूक माझी, यजमानांची की मिस्त्रींची, ते आता कळायचं नाही. पण गल्लीत मी जे सांगत आले, ते मी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. आणि त्या मांडवात, आपली म्हणून चूक उचलणारा माणूस एकच होता.