कोरडं लोखंड

मी भित्री आहे, आणि भीती वाटली की मी ओरडते. घरात याला माझा तापट स्वभाव म्हणतात. त्या आठवड्यात मी सगळ्यांवर ओरडत होते, कारण सासऱ्यांच्या छातीत चालताना दुखायला लागलं होतं. हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एकदाच कोल्हापूरहून कणकवलीला येतात. मागची खेप आमची चुकली होती. ही काही झालं तरी चुकवायची नव्हती.

आणि नेमकी जीप खरखरायला लागली. आमची जीप जुनी, चारही चाकांना जोर मिळणारी. तारकर्लीच्या वाळूतून होड्या ओढून वर काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. खाऱ्या पाण्याने तिच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क खाऊन टाकल्या होत्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. मेकॅनिक जत्रेला गावी गेलेला, नवरा जहाजावर. रिक्षा सांगता आली असती. पण मी हट्टी. नवरा सुट्टीत आला की गाडीखाली शिरतो आणि मी शेजारी बसून नट खोलायचे पाने देते. एवढ्या वर्षांत जे बघितलं ते करायला काय हरकत, असं वाटलं.

केलं, पण भीत भीत. मागच्या चाकांना जांभ्या दगडाचे चिरे लावले, तरी जॅकवरची जीप अंगावर येईल असं सारखं वाटत होतं. जुनी डिस्क गंजून घट्ट बसलेली. हातोड्याचे ठोके घालून ती सुटली तेव्हा माझ्या पायावरच पडणार होती. पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू नये म्हणून सुतळीने बांधून ठेवला. प्रत्येक बोल्ट तीनतीनदा आवळला. नवीन डिस्कवर कारखान्यातूनच तेलाचा हात दिलेला असतो, तो पेट्रोलने पुसून काढा, नाहीतर ब्रेक लागणार नाही, असं त्या विकताना कुडाळच्या दुकानदाराने बजावलं होतं. मी दोन्ही डिस्क पुसल्या, मग पुन्हा पुसल्या. त्या चाकाच्या जागी चढवल्या आणि भात करपतोय की काय म्हणून आत गेले. सासरे तिथेच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, खुर्चीवर बसलेले होते. परत येऊन मी पॅड, कॅलिपर, चाकं सगळं बसवलं.

संध्याकाळी वाडीत एक फेरी मारली. ब्रेक लागत होता, पण उशिरा. मेकॅनिकला फोन लावला.

"नवी डिस्क आसा, बसाक येळ लागता," तो म्हणाला. "थोडी चलय, आपसूक बसतली. भिया नको."

भिऊ नको म्हटल्याने कोणाची भीती गेली आहे? सकाळी सासऱ्यांना शेजारी बसवून निघाले. मालवण ओलांडेपर्यंत मी काल केलेलं एकेक काम मनात पुन्हा करत होते. बोल्ट आवळला का? पॅड उलटा तर नाही ना बसला? माझ्या हातून काहीतरी राहिलंय ही खात्री पटत चालली होती, आणि तरी मी परत फिरले नाही. फिरले असते तर आणखी महिना गेला असता.

"कित्याक गप आसस गो?" सासऱ्यांनी विचारलं.

"गाडी चालवतंय ना, बाबा!" मी खेकसले.

कसालच्या अलीकडे एका उतारावर, खाली थांब्याला एसटी उभी होती. तिच्यातून बायका उतरत होत्या. मी ब्रेक दाबला. पाय दगडावर ठेवावा तसा पेडल कडक लागला, पण जीप तशीच चालली. आणखी दाबला. माझं सगळं वजन त्या पायावर आलं तरी वेग जेमतेम कमी झाला. समोरून ट्रक चढत होता, त्यामुळे उजवीकडे वाट नव्हती. उतरणाऱ्या बायकांतली एक मान वळवून आमच्याकडे बघत उभी राहिली, तिचा चेहरा मला आजही दिसतो. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही, मी, जी एरवी मांजर आडवं गेलं तरी ओरडते. तिसरा गिअर, दुसरा, हँडब्रेक, आणि जीप डावीकडच्या मातीच्या बांधात घातली. खरडत, आपटत ती थांबली. एसटी पंधरा-वीस पावलांवर होती.

मी आधी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा हात छातीवर होता.

"दुखता?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग नाक वर करून हुंगलं. पुढच्या चाकांतून धूर येत होता आणि करपलेल्या माशांचा वास सुटला होता.

"गो," ते अगदी हळू म्हणाले, "तेल मी लायलंय."

मला कळेना.

"तू आत गेलंस. लोखंड कोरडा दिसला. खाऱ्या वाऱ्यात रातभर ऱवला तर गंजतला, तुझी मेहनत फुकट जातली, म्हणान फडक्यान तेल लायलंय."

होडीला लावायचं माशाचं तेल. आमच्या खळ्यात तो वास कायमचाच, म्हणून चाकं बसवताना मला कळलं नव्हतं. चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी हाकारलेला माणूस. नांगर, साखळी, बिजागरी, कुठलंही उघडं लोखंड दिसलं की तेलाचा हात फिरवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आमच्याकडे सगळेच करतात. मला सांगावं एवढी मोठी गोष्ट ती त्यांना वाटलीच नव्हती. मला इतका राग आला की मी दार उघडून खाली उतरले आणि बांधाशी जाऊन उभी राहिले.

जीप तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने कणकवलीला पोचलो. दवाखान्यात नंबराची वाट बघत असतानाच नवऱ्याचा फोन आला. जहाज बंदराला लागलं होतं. ब्रेक लागले नाहीत एवढंच मी सांगितलं, तर तो एकदम म्हणाला, "डिस्क पुसलंस काय?"

सासरे शेजारीच बसले होते, मांडीवर हात ठेवून. गुडघे गेल्यापासून त्यांना कोणी होडीवर चढू देत नाही, जाळ्याला हात लावू देत नाही. मी म्हणाले, "इसारलंय."

"इसारलंस? आणि त्या गाडयेत बाबांका घातलंस? जीव गेलो असतो त्यांचो! तुका कोणी सांगलेल्यान ब्रेकाक हात लावूक?"

मी ऐकून घेतलं. रात्रभर मी स्वतःला हेच तर बोलत होते. सासऱ्यांनी हात पुढे केला आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"ती खोटा सांगता," ते म्हणाले. "तिच्या हातान कायच चुकूक नाय. चूक माझी आसा. आणि गाडी थांबयल्यान ती तिनाच."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. "बरा, नाय लावणंय हात," एवढंच सासरे म्हणाले. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. फोन माझ्या हातात देऊन ते आत गेले.