दोराला वजन नव्हतं

सांची, रोहन,

हे आधी तुम्हाला पाठवते आहे. इथल्या एका मासिकात वाचकांच्या अशा अनुभवांचं सदर असतं, त्यांनाही देईन. पण पहिला हक्क तुमचा, कारण विषय सांचीनं काढला. मागच्या रविवारी कॉलवर ती म्हणाली, "आजोबा, मीपण आता सिल्क्सच्या क्लासला जाते. सुट्टीत आले की माझा दोर तुम्हीच धरायचा." आणि आजोबा म्हणाले, "नको बाळा. माझ्या हातात आता इसर शिरलाय."

मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. कारण तो विसर त्यांचा नव्हता... आणि हे मला दोन वर्षं माहीत होतं.

आधी एक सांगते — असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. आपल्या घरात पंचशील म्हटलं जातं. अंगारा, नवस, दृष्ट काढणं हे तुमच्या पणजोबांनीच उंबऱ्याबाहेर ठेवलं. शेजारीण दाराला लिंबू-मिरची बांधायची तेव्हा मी म्हणायचे, त्यापेक्षा सरबत करा आणि मला हाक मारा. तेव्हा भुताची गोष्ट वाचायला बसला असाल तर निराश व्हाल. यात भूत नाही. काय आहे, ते मला सांगता येत नाही.

तुमची प्रज्ञाआत्या लहानपणी दोरीचा मल्लखांब करायची हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढे ती कापडावर गेली — सांची म्हणते ते सिल्क्स, छतापासून लोंबणारं लांब कापड, त्यात अंग गुंडाळून हवेत राहायचं. एकटीनं कार्यक्रम करण्यापेक्षा तिला नाटकवाल्यांत, नृत्यवाल्यांत मिसळून काम करायला आवडायचं आणि त्यात भांडणं फार. नाचणाऱ्या मुली म्हणायच्या, "ताई, तू वर गेलीस की लोक आमच्याकडं बघतच नाहीत, आम्ही काय सतरंजी घालायला आलोय?" एका गायिकेला प्रज्ञा उलटी झाली की धाप लागायची, सूर सुटायचा. हळूहळू एकमेकींचा श्वास कळायला लागला. प्रज्ञा म्हणायची, "आई, जमिनीवरच्या माणसांनी मला वर धरलेलं असतं. मी फक्त दिसते."

प्रत्यक्षात धरायचे ते तुमचे आजोबा. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म गेला. पुल्या, साखळ्या, दोर म्हणजे त्यांचे सगेसोयरे. चार पुल्यांचा जोड त्यांनीच बसवला होता. विंगेत उभं राहून ते प्रज्ञाला वर घ्यायचे, खाली सोडायचे, आणि एकदाही तिच्याकडे बघायचे नाहीत. त्यांचा नियमच होता — "दोर बघायचा, पोरगी न्हाय. पोरगीकडं बघितलं की बाप हुतो माणूस, आन हात चुकतो." तिचं वजन त्यांना हातात कळायचं. ती कधी वळली, कधी पाय सोडला, सगळं.

आणि मी यादी ठेवायचे. दर प्रयोगाआधी वही घेऊन मोठ्यानं विचारायचं, त्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं, मग मी खूण करायची.

"पुली?"

"फिरतीया."

"पिन?"

"बसली."

"तार?"

"बांधली. झाली का हजेरी, बाई? जाऊ का वर्गात?"

दर वेळी हाच विनोद. पिन म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथंच आहे. कापड आणि दोर यांना जोडणारी घोड्याच्या नालेसारखी एक लोखंडी कडी असते. तिच्या तोंडात आडवी पिन आट्यांवर फिरवून बसवतात. माणूस वर गिरक्या घेतो तेव्हा ती पिन उलटी फिरून सुटू नये म्हणून तिच्या डोळ्यातून बारीक तार ओवून कडीला बांधायची. तार नसेल तर पिन कधीतरी निघणार. पिन निघाली तर कापड खाली, आणि माणूसही.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. पुण्याचा केदार नावाचा दिग्दर्शक इथं आला होता. एका विणकर बाईच्या स्वप्नावर नृत्यनाट्य करायचं, आणि तेही खऱ्या गिरणीत, हा त्याचा हट्ट. आपल्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर बंद पडलेल्या सूतगिरणीचं गोदाम आहे. वर लोखंडी तुळया, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्यात उभ्या काचा. दुपारी चारला त्या काचांतून उन्हाचे तिरके पट्टे उतरत, आणि इतकी वर्षं बंद असूनही कुठूनतरी कापसाचे तंतू त्यात तरंगत असत. म्हणून प्रयोग दिवसाच ठेवले होते, अकराचा आणि चारचा. आठ नर्तकी म्हणजे माग. प्रज्ञा म्हणजे धागा.

शेवटच्या दिवशी अकराचा प्रयोग झाला आणि केदारला वाटलं, लाल कापड नको, पांढरं हवं. आजोबा कुरकुरले, "जेवल्यावर नवरी बदलतोय गडी," पण त्यांनी शिडीवरून कापड उतरवलं, पांढरं चढवलं, कडीत पिन फिरवली. मी वही उघडली.

"पुली?" — "फिरतीया."

"पिन?" — "बसली."

"तार?"

तेवढ्यात माझ्या शाळेतल्या दोन जुन्या सहकारी नाटक बघायला आल्या. "अय्या, तुम्ही इथं पण वही घेऊनच!" मी हसले, वळले, आणि वळता वळता तारेसमोर खूण केली. उत्तर ऐकलं नाही. इतक्या वर्षांत ते दर वेळी "बांधली"च म्हणाले होते. त्या दिवशी ते काहीच म्हणाले नव्हते, कारण पक्कड लाइटवाल्या मेहबूबभाईंकडे गेली होती आणि ते ती आणायला निघाले होते.

पक्कड घेऊन ते परत आले. वही उघडीच होती. तारेसमोर खूण होती.

चारचा प्रयोग सुरू झाला. मी विंगेत स्टुलावर, शेजारी आजोबा, दोर हातात, नजर दोरावर. गायिकेनं आलाप घेतला, प्रज्ञा वर गेली. अठराएक फूट. पहिली गिरकी. मग आजोबांचा आवाज आला, अगदी हलका.

"वजन गेलं."

मला कळलं नाही. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोर सैल होता. वाळत घातलेल्या साडीच्या दोरीसारखा मध्ये झोळ पडलेला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी नियम मोडला आणि वर पाहिलं. मीही पाहिलं.

प्रज्ञा वरच होती.

उन्हाच्या एका पट्ट्यात ती हळूहळू फिरत होती. नेहमीसारखी झपकन नाही... शांत विहिरीत पान फिरतं तशी. पांढरं कापड तिच्याभोवती उघडत होतं, मिटत होतं. तंतू तिच्याबरोबर फिरत होते. आमच्या बाजूनं वरची कडी आडव्या पडद्याच्या झालरीमागे जायची, त्यामुळे वर काय आहे ते दिसत नव्हतं. मला ओरडायचं होतं. खरं सांगू? भीती होती, पण ती कुठंतरी लांब, पलीकडच्या खोलीत असल्यासारखी. इथं फक्त ऊन आणि ती गिरकी. गायिकासुद्धा विलंबितात गेली होती. खालच्या मुलींचे पाय जमिनीला जेमतेम लागत होते असं वाटत होतं. आजोबा दोर तसाच धरून उभे होते. ओढला नाही, सोडला नाही.

गाणं चार मिनिटांचं. शेवटच्या ओळीला आजोबांनी दोर सोडायचा आणि तिला खाली घ्यायचं, असं बसवलेलं होतं. त्यांनी एक वीतही दोर सोडला नाही. तरी ती खाली आली. आधी पाय टेकले, मग गुडघा, आणि तिच्यामागून सगळंच्या सगळं कापड, घड्या पडत पडत, घाई न करता, तिच्या खांद्यांवर येऊन बसलं. कडीला बांधलेली असते ती माथ्यावरची गाठही. मी स्टुलावरून उठून पुढं वाकले तेव्हा झालरीपलीकडं वर दिसलं — दोराचं टोक. नुसतं. हलतसुद्धा नव्हतं.

लोकांनी टाळ्यांनी गोदाम डोक्यावर घेतलं. केदार धावत आला, "काका, हे तालमीत नव्हतं! कसलं भारी! पुन्हा कुठं प्रयोग लावला तर असंच करू या!" आजोबा तिथंच खाली बसले. दोर त्यांच्या मुठीतून काढायला मला एकेक बोट उघडावं लागलं.

मीनल नावाची नर्तकी कमरपट्ट्यातून काहीतरी काढत आली. "काकू, कुणाचा खिळा पडलाय बघा. ताई वर गेली न गेली तोच टण्णकन पायापाशी पडला. पाय कापंल म्हणून मी खोचून ठिवला." ती पिन होती. वाकलेली नाही, झिजलेली नाही. तिच्या डोळ्यात तार नव्हती.

मेहबूबभाई लाइटच्या मचाणावर प्रज्ञाच्याच उंचीवर बसलेले होते. ते खाली आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे झाले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, कपडे के ऊपर कुछ नै था. मैं समझा, मेरा चष्मा खराब."

आणि प्रज्ञा? आम्ही तिला काही सांगायच्या आधीच ती घाम पुसत म्हणाली, "पप्पा, आज तुमचा हात किती हलका होता! पाण्यात असल्यासारखं वाटलं."

मी विचार केला नाही असं समजू नका. माझ्या भाच्याला, तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, सगळं कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, वजन लटकलेलं असताना पिन अशी अलगद निघत नाही. आणि निघाली, तर पुढच्या क्षणी माणूस जमिनीवर." मी म्हटलं, चार मिनिटं. तो म्हणाला, पिन शेवटी पडली असेल. मीनलला पुन्हा विचारलं. ती चिडली, "काकू, मी पहिल्या आवर्तनाला वाकले, चुकले, केदारसरांच्या शिव्या खाल्ल्या, ते काय उगाच?" आणि कापडाच्या माथ्याची गाठ... माणसाचं वजन पडलं की ती गाठ दगड होते, आजोबांना सोडवायला पक्कड लागते. त्या दिवशी ती मी दोन बोटांनी सोडवली.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "मी 'बांधली' म्हणालो आसन आन बांधलीच नसन. पोरीला मारलीच हुती मी." आणि मी... मी त्यांच्यासाठी चहा टाकला. एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग ते म्हणाले, आता दोर धरणार नाही. मग चहात साखर घातली का नाही हे मला विचारू लागले. कुलूप लावून पुन्हा ओढून बघू लागले. ज्या माणसानं जन्मभर डोळे मिटून नट-बोल्ट ओळखले, तो स्वतःच्या हातांकडे संशयानं बघायला लागला, आणि मी रोज ते बघत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीतल्या चुका लाल शाईनं काढल्या; स्वतःची एक मला दाखवता आली नाही.

रविवारी तुमचा कॉल झाला. सोमवारी दुपारी चहा झाल्यावर मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी तारेसमोर खूण मी आधीच केली होती. तुमचं उत्तर न ऐकता."

त्यांनी बशी खाली ठेवली. "कवा?"

"तुम्ही पक्कड आणायला गेलात तेव्हा."

"म्हंजे मी बांधली म्हणालोच नव्हतो?"

"नाही."

"मी पक्कड घिऊन आलो, वही बघितली... म्हटलं बाईनं खूण केलीया म्हंजे मीच बांधून इसरलो. तुजी खूण कंदी चुकली न्हाय, म्हणून वर चढून बघितलं बी न्हाय."

"हो."

त्यांनी बशी पुढं सारली. मला वाटलं, आता उठून जातील. मग म्हणाले, "दोन वर्सं. दोन वर्सं मला म्हातारा करून ठिवलंस व्हय गं?"

मी रडले. ते उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि न सांगता बाहेर गेले. तासाभरानं आले ते बारीक तारेचं नवं वेटोळं घेऊन.

प्रज्ञालाही त्याच रात्री सांगितलं. ती आधी फार रागावली — माझ्यावर, पप्पांसाठी. मंगळवारचा अख्खा दिवस बोलली नाही. बुधवारी सकाळी फोन आला. "आई, तुझी चूक होती हे कळलं. पण मग मला धरलं कुणी?"

आजोबांना विचारलं तर ते फक्त तळवे उघडून दाखवतात. तुम्हाला पुढं कधी उत्तर सापडलं तर मला कळवा. नाही सापडलं तरी चालेल. सांची, एक मात्र कर — वर जाण्याआधी कुणी "झालं" म्हणालं, कुणी कागदावर खूण केली, तरी कडीला आपला हात लावून बघ. चार मिनिटं सगळ्यांना मिळत नाहीत.

आज गुरुवार. प्रज्ञाआत्या काल रात्री आली आहे. सकाळी ती आणि तुमचे आजोबा सरावाला गेले. दोर त्यांनी धरलाय.