आबांचं पोट आणि केळीची पिलं

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून पायाला भिंगरी. वर्गात शिकवतानाही फळा ते खिडकी अशा माझ्या येरझारा चालायच्या. त्या वर्षी मात्र भिंगरी पायातून डोक्यात गेली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी धुळ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. माझे वडील, आबा, भडगावजवळ गिरणाकाठी केळी लावत होते. आमच्याकडे पोटात जळजळ होणं हा आजार धरतच नाहीत. भरीत खाताना ज्याच्या नाकातून पाणी येत नाही, त्यानं भरीत खाल्लंच नाही, असा हिशेब. त्यामुळे आबा वर्षभर छाती चोळत राहिले, सोडा घेत राहिले आणि घरात कुणाला काही वाटलं नाही. दिवाळीत मी घरी गेले तेव्हा त्यांनी अर्धी भाकरी ताटात टाकून हात धुतला. आबा आणि उष्टं!

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना जळगावला नेलं. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. जठराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन लवकर करा, म्हणाले.

आबा म्हणाले, "नही."

कारण त्यांच्याकडे तयार होतं. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात. मुख्य झाडाचं खाणं ती खातात, म्हणून झाडाला घड येईपर्यंत ती विळ्यानं कापत राहावं लागतं. कापलेलं पील पुन्हा वर येतंच. "पील कापं का उलटं जोरे येस. मना पोटले लोखंड लावू नका." आईनं मान डोलावली. गावानंही डोलावली, गाठीला लोखंड लागलं की ती चेवते, जास्तच फोफावते, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

माझा असा संताप झाला! मी धुळ्याला परतले, शनिवारी पुन्हा आले, पुन्हा परतले. पारोळ्याच्या स्टँडवर बस बदलताना मी बाकावर बसतच नसे. पुण्याच्या मैत्रिणीनं काही शोधनिबंधांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या, त्या उभ्यानंच वाचायचे. पेशीच्या अंगावर वाढीचा निरोप घेणारी दारं असतात. निरोप आला की दार उघडायचं, काम झालं की मिटायचं. कॅन्सरमध्ये एखादं दार निरोप नसतानाही उघडंच राहतं, आणि पेशी वाढतच सुटते. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा एक डिंकही असतो. जठराच्या काही कॅन्सरांत तो डिंकच नाहीसा होतो. मग एकेक पेशी सुटते आणि मिळेल त्या वाटेनं निघते. हे वाचलं आणि मला वाटलं, आत्ता, या क्षणी, मी इथं पारोळ्यात बसची वाट बघत असताना एखादी सुटली असेल.

आबांना हे सांगितलं. ते उठले आणि केळीला पाणी सोडायला निघून गेले.

शेवटी एका रविवारी मीच पहार घेऊन मळ्यात शिरले. त्यांच्यादेखत एक पील खणलं, कंदासकट उपटलं आणि त्यांच्या पायाशी टाकलं. "आता हे येईल का परत?"

आबांनी पिलाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. माझे हात सोलपटले होते.

"नही येवाव," ते म्हणाले. "चाल, कव्हय जानं शे?"

मी ऑपरेशनचा दिवस सांगितला. मी जिंकले! परतीच्या बसमध्ये मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी त्यांना समजावलं, जठर काढायचं तर वेळ लागेल, तुम्ही शुद्धीवर याल तोवर सांज होईल. आबांनी मान हलवली. मी बाहेरच्या व्हरांड्यात येरझारा सुरू केल्या. तासाभरातच डॉक्टर बाहेर आले. गाठ यकृतावर पोचली होती, पोटाच्या आतल्या अस्तरावरही दाणे विखुरले होते. काहीही न काढता त्यांनी पोट शिवून टाकलं होतं.

आबांनी डोळे उघडले ते थेट खिडकीकडे. खिडकीत लख्ख ऊन होतं.

"सांज व्हई म्हने ना डॉक्टर?" आवाज खोल गेला होता. "आजून तं दुपारच शे."

मी खाटेच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, चादर सारखी केली, सलाइनची बाटली उगाच न्याहाळली.

"कंद नही निंघना," ते म्हणाले. विचारलं नाही त्यांनी, सांगितलं.

"नाही, आबा." मला रडू फुटलं. "मी उगाच तुमचं पोट फाडायला लावलं. तुम्हाला पटलंच नव्हतं ना?"

"नही." त्यांनी सुई टोचलेला हात जरासा उचलला. "पन तू दिवाळीपाईन एक जागावर बठनी नही. तुले चैन पडो म्हनीसन होकार दिधा."

मग स्टुलाकडे बोट केलं.

"आते तरी बठ, माय."

मी बसले. संध्याकाळचा चहा आला, गेला, व्हरांड्यातले दिवे लागले, तरी उठले नाही.