आतून बंद तंबू

तेजराम एकटाच तंबूत राहायला निघाला, ते मनकर्णाच्या मनाला पटलं नव्हतं. पण मुलीपुढं तिचं काही चाललं नाही. भूमिका रायपूरला नोकरीला. तिनंच मोबाइलवर फोटो दाखवून बुकिंग केलं. बालोदच्या पुढं जलाशयाच्या काठी पांढरे तंबू, आत पलंग, गादी, गरम पाणी. त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात, असं तिनं आईला समजावलं.

"तंबूत संडास-बाथरूम?" मनकर्णा म्हणाली. "अन् एकट्यानं कावून? मी येतो ना संग."

"आई, बाबांना एकट्यालाच राहू दे. आजकल सब करते हैं. फोन पण जमा करून घेतात तिथं. दोन दिवस डोकं शांत होईल त्यांचं."

तेजराम मूळचा गोंदियाकडचा. बापाच्या मागोमाग पोलादाच्या प्लांटमध्ये लागला, क्रेन ऑपरेटर झाला आणि जवळच रिसालीत घर बांधून राहिला. मोठ्या आवाजाचा, खाण्यापिण्याचा शौकीन माणूस. रविवारी स्वतः मटण शिजवायचा आणि शेजारच्या दोन घरांत वाटी पोचवल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. पावसाळ्यात त्याचा कामावरचा जोडीदार नरेश गेला. कँटीनमध्ये दोघं समोरासमोर बसले होते. तेजराम चहा आणायला उठला, दोन गिलास घेऊन परतला, तर नरेशचं डोकं टेबलावर टेकलेलं. हार्ट अटॅक. कोणी काही करू शकलं नसतं, डॉक्टर म्हणाले. पण तेव्हापासून तेजरामची झोप उडाली ती उडालीच. मटण बंद झालं, बोलणं बंद झालं. डोळे तेवढे उघडे.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र तो भलताच कामाला लागला. पाण्याची टाकी धुतली. अंगणातला तुटका नळ बदलला. मग मनकर्णाला बोलावून पंपाची मोटर कशी चालू करायची ते दाखवलं.

"हे मले कावून शिकवून राहिले तुमी?"

"हे आलं पायजे तुले," एवढंच तो म्हणाला.

तो गेल्यावर तिला फ्रिजवर त्याचं घड्याळ दिसलं. आंघोळीलासुद्धा न निघणारं घड्याळ. ते हातात घेऊन ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. मनात जे आलं, त्याला नाव द्यायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिथल्या नंबरवर फोन लावला. मॅनेजर धर्मेंद्र बोलला. "अंकल आराम कर रहे हैं, आंटी."

"आपने देखा उनको?"

"देखा तो नहीं. रात का खाना बाहर ही रखा मिला, छुआ नहीं है. टेंट की चेन अंदर से बंद है."

मनकर्णानं वैशाली नगरात राहणाऱ्या भावाला फोन केला. कमलेश मोटरसायकल घेऊन आला तेव्हा ती चप्पल घालून फाटकातच उभी होती.

"दीदी, भूमिकाला सांगू का?"

"नको. पहिले चाल."

गुंडरदेहीच्या पुढं धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. खरेदी केंद्राबाहेर पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या अर्धा रस्ता अडवून उभ्या होत्या. कमलेश हॉर्न वाजवत होता, कोणी हलत नव्हतं. मनकर्णा मागून उतरली आणि ट्रॅक्टरांच्या मधून चालू लागली. पुढं रस्ता मोकळा झाल्यावर कमलेशनं तिला गाठलं. "बस, बस लवकर," तो ओरडला. ती मागं बसली.

जलाशय उन्हात चमकत होता. धर्मेंद्र त्यांना शेवटच्या तंबूपाशी घेऊन गेला. मनकर्णानं हाका मारल्या. "अवो! भूमिकाचे बाबा! ऐकून राहिले का?" आतून हूं नाही की चूं नाही. कमलेशनं कापडावर थापा मारल्या. धर्मेंद्र म्हणाला, गेस्टच्या प्रायव्हसीचा प्रश्न आहे, मालकांना विचारतो.

"विचारत बस तू," म्हणत तिनं चेनीच्या फटीत बोटं घातली आणि कापड ओढायला सुरुवात केली. कमलेशनं त्या फटीतून मोटरसायकलची किल्ली घालून आतलं लॉक उचकटलं. चेन खर्रकन वर गेली.

तेजराम पालथा पडलेला होता. चेहरा उशीत. एक हात पलंगावरून खाली लोंबकळत होता. मनकर्णा गुडघ्यांवर बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग पाठ हलली. वर आली, खाली गेली.

"फर्स्ट शिफ्ट हाय का?" उशीतून आवाज आला.

कमलेश बाहेर जाऊन खाली बसला. मनकर्णानं नवऱ्याच्या खांद्यावर एक गुद्दा मारला, मग दुसरा, आणि रडायला लागली. तेजराम उठून बसला. प्रकार ध्यानात आल्यावर आधी चिडला. "तपासाले आली? दोन दिवस सुखानं झोपू बी देत नाई?"

"घड्याळ कावून ठेवलं मंग? मोटर कावून दाखवली?"

"घड्याळ पाहाचंच नव्हतं मले. रातभर तेच पाहातो." 

"अन् मोटर?" तिनं विचारलं. बाहेर धर्मेंद्र हलक्या आवाजात कोणाशी फोनवर बोलत होता.

"तसा विचार आला होता," शेवटी तो म्हणाला. "इथं नाई. तिथं, ड्यूटीवर. दोन-तीनदा आला. तुले कसा सांगू?"

मनकर्णाला वाटलं, आपण ओरडू. ती ओरडली नाही. "आता सांगितलं ना," ती म्हणाली. "असंच सांगाचं. घरी चला."

"इथं झोप आली मले, मनकर्णा. नरेश गेल्यापासून पहिल्यांदा. राहू दे उद्यापर्यंत."

त्याला तिथं सोडून जाणं तिला त्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढण्यापेक्षाही अवघड होतं. तिनं दोन अटी घातल्या. आपल्यासमोर जेवायचं, आणि परतल्यावर मनाच्या डॉक्टरकडं जायचं, ती सोबत येणार. त्यानं दोन्ही मानल्या. धर्मेंद्रनं आणलेली भाजी-पोळी तो खाली मान घालून जेवला. मग तिनं धर्मेंद्रला बजावलं, तंबूची चेन उघडी राहील, दर थोड्या वेळानं आत डोकावायचं, अंकल चिडले तरी. फोनही त्यांच्या उशाशी राहील. धर्मेंद्रनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेजराम घरी आला. डॉक्टरकडं गेला, गोळ्या सुरू झाल्या, काही महिने क्रेनवरून खाली, स्टोअरमध्ये काम मिळालं. बरं लगेच झालं नाही. काही रात्री झोप येते, काही रात्री येत नाही. नाही आली की तो मनकर्णाला हलवून उठवतो, ती दिवा लावते, आणि तो नरेशबद्दल बोलत बसतो.